पितळी समई फोटोत काळी का पडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही कळेल. नाशिकच्या भांडी बाजारात तुमचं वडिलोपार्जित दुकान आहे. समया, तांब्याच्या घागरी, चांदीचे करंडे आता ऑनलाइन विकायचे म्हणून तुम्ही दोन मोठे एलईडी लाइट आणलेत. तरीही समई फोटोत कुठे काळीकुट्ट तर कुठे पांढरीफटक येते, आणि तिच्या खालचा लाकडी पाट मात्र पहिल्याच फोटोत छान दिसतो. तुम्ही विचारलंय, ‘प्रकाश कमी पडतोय का, तिसरा लाइट घेऊ का? आणि वस्तूवर पडलेला प्रकाश परावर्तित होतो म्हणून वस्तू दिसते, असं शाळेत शिकलो. मग पाटाला एक न्याय आणि समईला दुसरा, हे कसं?’

तिसरा लाइट घेऊ नका. प्रकाश तुमच्याकडे भरपूर आहे. मी बावीस वर्षं नाशिकमध्ये वस्तूंचेच फोटो काढते आहे: भांडी, दागिने, येवल्याच्या पैठण्या, द्राक्षं, वाइनच्या बाटल्या. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही तुमच्यासारखीच लाइट वाढवत राहिले होते. मग हळूहळू ध्यानात आलं, की चकाकणारी वस्तू स्वतःला दाखवतच नाही, ती तिच्या समोरचं दाखवते. म्हणून उजळायचं असतं ते तिच्या भोवतालाला. तुमच्या अडचणीचं मूळ एवढंच आहे. पण ते मनापासून पटावं म्हणून जरा मुळापासून सांगते.

आधी पाट घेऊ. लाकडाच्या पृष्ठभागात प्रकाश थोडासा आत शिरतो, तंतूंमध्ये इकडून तिकडे धडकतो, त्यातले काही रंग लाकूड शोषून घेतं आणि उरलेला प्रकाश वाट फुटेल तिकडे बाहेर पडतो. शाळेत याला अनियमित परावर्तन म्हणायचे. पाटाच्या प्रत्येक बिंदूवरून प्रकाश सगळीकडे जातो, त्यामुळे तुम्ही डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा, उभं राहून पाहा, पाट साधारण तसाच दिसतो. लाइट पाटाच्या कोणत्या बाजूला आहे याला फारसं महत्त्व उरत नाही.

पितळेचं तसं नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले असतात. ते प्रकाशाला आत शिरूच देत नाहीत, वरच्यावर परत पाठवतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रकाश ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे निघतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहिलं, तर समईच्या एकेका बिंदूवर खोलीतली एक आणि एकच जागा दिसत असते. त्या जागी लाइट असेल तर तो बिंदू पांढरा फटफटीत. तिथे माळ्याखालचा अंधारा कोपरा असेल तर तो बिंदू काळा. फोटोतला तो काळा भाग म्हणजे पितळेवरचा डाग नव्हे, तुमच्या दुकानातला काळोख आहे.

हे नुसतं वाचू नका, आत्ता करून पाहा. घासलेला पितळी तांब्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या पोटाकडे बघा. छतावरची ट्यूब तिथे एक बारीक वाकडी रेघ झालेली दिसेल. दुकानाचं दार म्हणजे उभी उजळ फट. मधोमध तुमचा चेहरा, नाक मोठं आणि कान पार मागे गेलेले. काठाकडे सरकत गेलात तर छत, जमीन, बाजूच्या भिंती, सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. फुगीर वस्तू आपल्यापुढची आणि आजूबाजूची जवळजवळ सगळी खोली पोटात घेते, म्हणून तर चौकातल्या वळणावर बहिर्गोल आरसा लावतात. आता एक कोरा पांढरा कागद तांब्याच्या डाव्या अंगाला आणा. तांब्याच्या पोटावर एक रुंद, मऊ, पिवळसर पट्टा उमटतो. कागद हलवा, पट्टा हलतो. कागद काढा, पट्टा गेला आणि तिथे परत काळं. नवा लाइट न लावता तांब्या उजळला, तो एका कागदाने. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना कॅमेरा हातात देण्याआधी मी हाच खेळ तासभर खेळायला लावते.

लाइट वाढवून उपयोग का होत नाही, हेही इथेच सांगते, कारण यात बहुतेकांची फसगत होते. लाइट दुप्पट अंतरावर नेला की पाटावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. पण समईवर दिसणारा लाइटचा ठिपका तेवढाच झगझगीत राहतो, फक्त आकाराने लहान होतो. कारण तो ठिपका म्हणजे लाइटचं प्रतिबिंब आहे, आणि लाइट लांब गेला म्हणून त्याचा झगमगाट कमी होत नाही. त्यामुळे मागे न्या, पुढे आणा, एकाचे तीन करा, समईवर एकाऐवजी तीन पांढरे ठिपके मिळतील आणि मधला काळोख होता तिथेच राहील.

आता तुमच्या न्यायाच्या प्रश्नाकडे. नियम दोघांनाही तोच आहे. फरक पडतो तो प्रकाश आत शिरतो की वरूनच फिरतो यामुळे, आणि पृष्ठभाग किती खडबडीत आहे यामुळे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकी. पृष्ठभागावरचे उंचसखल याहून बरेच बारीक असले तर प्रकाशाला तो आरसा वाटतो. ते मोठे असले तर प्रत्येक चढ-उतार आपापल्या दिशेला प्रकाश फेकतो आणि प्रतिबिंब विस्कटतं. चिंचेने घासलेलं भांडं आणि मशीनवर बफिंग केलेलं भांडं यांत हाच फरक आहे. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं, पण हाताने घासल्याचे बारीक ओरखडे राहतात, त्यामुळे चकाकी मऊ असते. बफिंगने ओरखडेही जातात आणि निखळ आरसा तयार होतो. गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याच्यावर आहे, पण मला विचाराल तर फोटोसाठी चिंचेने घासलेलीच समई द्या. ती काम अर्ध्यावर आणते आणि देवघरात दिसते तशीच दिसते.

याच गोष्टीचं उलटं उदाहरण आपल्याकडे दर हंगामात दिसतं. द्राक्षांच्या मण्यांवर मेणासारखा पांढुरका थर असतो. तो थर बारीक कणांचा आहे, प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून मणी धुक्यात असल्यासारखे कोवळे दिसतात. बागायतदार तो जपतात, कारण माल हाताळलेला नाही याची ती खूण असते. आणि फोटो काढताना हमखास कोणीतरी हौसेने घड ओल्या फडक्याने पुसून ठेवतं! थर गेला की प्रत्येक मण्यावर ट्यूबचा एकेक पांढरा ठिपका. द्राक्ष तेच, बदललं ते फक्त वरचं काही मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचं आवरण.

धातूच्या रंगाबद्दल एक गोष्ट कळली की निम्मे फोटो आपोआप सुधारतात. पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेली कुंडी उन्हात ठेवा. तिच्यावरची चमक पांढरी असते, कारण रंगाच्या वरच्या पारदर्शक थरावरून प्रकाश न बदलता परततो; पिवळा रंग आतून येतो. पितळेची चमक मात्र स्वतः पिवळी असते, तांब्याची तांबूस असते, चांदीची पांढरी. चांदी दिसणारे सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवते. तांब्यातले इलेक्ट्रॉन निळा-हिरवा प्रकाश बराचसा गिळतात आणि लाल-नारिंगी सोडून देतात. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं आणि तो लालपणा पिवळ्याकडे झुकतो. म्हणजे धातूचा रंग त्याच्या चमकेतच असतो. आणि तुमच्या फोटोत चमक इतकी भडक आली आहे, की कॅमेऱ्याला ती पांढरीच नोंदवावी लागली. रंग तिथेच गेला. समई प्लास्टिकची वाटते असं तुम्ही लिहिलंत, त्याचं कारण हेच आहे.

घागर रिकामी असेल आणि आत कल्हई नसेल तर तिच्या तोंडातून आत पाहा. काठाशी तांबूस, आणि खोल जावं तसा रंग गडद लालभडक होत जातो. आत शिरलेला प्रकाश भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो, आणि प्रत्येक वेळी त्यातला निळा-हिरवा आणखी कमी होतो. चार-पाच वेळा आपटून बाहेर आला की उरतो निव्वळ लाल. मला हे दृश्य फार आवडतं. शक्य असेल तिथे मी घागरीचा एक फोटो वरून, तिरका, आतला लाल दिसेल असा घेतेच. कल्हई असेल तर आतून राखाडी-पांढरं दिसेल, तेही दाखवा, गिऱ्हाइकाला ते बघायचंच असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तुमची जागा किती, वस्तू केवढी, साइटला पांढरी पार्श्वभूमी लागते की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. दीड फुटाची समई टेबलावर मावते, पाच फुटांच्या समईला खोली लागते. पण रीत एकच. पीव्हीसी पाइपची चौकट करा आणि समईच्या डावी-उजवीकडे आणि वर मांजरपाट किंवा मलमल ताणून लावा. लहान वस्तूला बटर पेपरही चालतो. दोन्ही लाइट कापडाच्या बाहेरून कापडावर मारा, समईवर थेट एकही नको. आता समईसमोर जे आहे ते सगळं उजळ कापड आहे, म्हणून समईही त्या कापडासारखीच उजळ, पिवळी, सलग दिसेल. कापड समईच्या जितकं जवळ, तितकी त्याची सावली आणि चमक मऊ. समोर कॅमेऱ्यापुरती फट ठेवा.

कापड घरचं पांढरंशुभ्र धुतलेलं असेल तर एक काळजी घ्या. बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये चमक आणणारी द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे तो कपडा नुसता प्रकाश परत पाठवत नाही, थोडा स्वतःचाही देतो. खिडकीतल्या उन्हात असा पडदा लावला तर समईवर निळसर छटा येते. कोरा मांजरपाट बरा.

एवढं करून पहिला फोटो काढाल तेव्हा एक नवी तक्रार कराल: काळं गेलं, पण समई सपाट झाली, जीव नाही. आणि ते खरंच असेल. सगळीकडे पांढरं असेल तर समईच्या कडा, कड्या, नक्षीची खोली कशाच्या आधारावर दिसणार? इथे काळं परत आणायचं, पण आपल्या मर्जीने. काळ्या कार्डपेपरच्या दोन-तीन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि कापडाच्या आतल्या बाजूला, समईच्या दोन्ही कडांना समांतर उभ्या करा. समईच्या दोन्ही कडांवर एक बारीक काळी रेघ उतरते आणि ती गोल दिसू लागते. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी फरक कळतो. या कामात सगळ्यात जास्त वेळ मी पट्ट्या सरकवण्यातच घालवते. चांदीला तर याशिवाय गत्यंतरच नाही. चांदीजवळ स्वतःचा असा रंग जवळपास नसल्यामुळे काळ्या-पांढऱ्याची सीमा दिसली नाही, तर ती ॲल्युमिनियम वाटते.

कपडेही बदला. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात मी एकदा चांदीची ताटं-वाट्या शूट केल्या होत्या. दिवसभर राबून काढलेल्या सगळ्या फोटोंत चांदीला गुलाबी झाक होती. रात्री कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं, तेव्हा प्रत्येक वाटीच्या पोटात मी उभी होते, लाल कुर्त्यात. घरच्यांनी फोटो नाकारले, ते बरोबरच होतं, सगळं काम परत करावं लागलं. तेव्हापासून शूटच्या दिवशी मी राखाडी नाहीतर काळं घालते आणि टायमर लावून बाजूला होते.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. मठारकाम केलेलं तांब्याचं भांडं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी अंगभर खळगे पाडलेलं, ते कापडाच्या तंबूत अगदी मरगळून जातं. त्याच्यातला प्रत्येक खळगा हा एक छोटा आरसा असतो. त्याला एकच लहान, उघडा दिवा एका बाजूने द्या. प्रत्येक खळग्यात त्या दिव्याचा एकेक तारा उमटतो आणि तांबटाचा हात दिसतो. तुमच्याकडचा एक एलईडी त्यावेळी कापडाबाहेर काढा, दुसरा बंद ठेवा. तिथे कडक प्रकाशच हवा.

इथवरचं थोडक्यात: पाट, कापड, कागद यांच्यावर किती प्रकाश पडतो ते बघायचं, समई, घागर, करंडा यांच्यासमोर काय आहे ते बघायचं, आणि चमक पांढरी पडू द्यायची नाही, त्यासाठी कॅमेऱ्याचं एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड नोंदवायचा ते, जरा खाली ठेवायचं.

तुम्हाला कोणीतरी पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायचा एक फिल्टर, घ्यायला सांगेल. चमक घालवतो म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण तो काम करतो काच, पाणी, वार्निश, पॉलिश केलेलं लाकूड यांच्यावर. अशा वस्तूंवर प्रकाश ठराविक तिरप्या कोनात पडला, काचेसाठी सुमारे ५६ अंश, पाण्यासाठी सुमारे ५३, की परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं एकाच प्रतलात राहतात आणि फिल्टर फिरवून ती अडवता येतात. साध्या धातूवरून परतलेल्या प्रकाशाला असं वळण फारसं लागत नाही. त्यामुळे समईसाठी पैसे घालवू नका. करंडे काचेच्या पेटीत ठेवून काढणार असाल, तर घ्या.

हीच युक्ती सी. व्ही. रामन यांनी समुद्रावर वापरली होती. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे पोलरायझरचंच काम करणाऱ्या स्फटिकातून, पाहिली. आकाशाचं प्रतिबिंब त्या प्रिझमने मारून टाकलं तरी पाणी निळंच दिसत राहिलं, म्हणजे समुद्र केवळ आभाळाची निळाई उसनी घेत नाही, पाणी स्वतः प्रकाश विखुरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथून सुरू झालेला शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामापर्यंत पोचला आणि १९३० चं नोबेल मिळालं. वरून परतलेला प्रकाश वेगळा, आतून विखुरलेला वेगळा, ही तुमच्या पाट-समईतलीच फोड आहे.

आपल्या काळाराम मंदिराचा दगड पावसात आणखी काळा दिसतो, तेही याच घरातलं. दगड कोरडा असताना त्याचा खडबडीतपणा वरच्यावर बराच प्रकाश विखुरतो आणि तो राखाडी वाटतो. पाण्याची पातळ झिल्ली चढली की प्रकाश त्या झिल्लीखाली अडकून पुन्हा पुन्हा दगडावर पडतो आणि दर खेपेला थोडा शोषला जातो. काळ्या दगडाच्या मूर्ती विकत असाल तर फोटोआधी त्यांना तेलाचा हलका हात फिरवा. परिणाम तोच, आणि पाण्यासारखा लगेच उडून जात नाही.

आता दिवे कोणते, याबद्दल. तुम्ही लाइटचे वॅट लिहिलेत, पण महत्त्वाचा आहे तो खोक्यावर लिहिलेला सीआरआय हा आकडा: दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, याचं शंभरपैकी माप. आजचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फर चढवलेलं असतं, ते निळ्यातला काही प्रकाश घेऊन पिवळा-हिरवा-लाल प्रकाश देतं आणि मिश्रण पांढरं दिसतं. चांगला निळा एलईडी करणं इतकं अवघड होतं, की आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त दिव्यात गडद लाल फार कमी असतो. आणि दिव्यात जो रंग नाही तो वस्तू कुठून परत पाठवणार? तांबं मेलेलं दिसतं. सीआरआय ९० च्या वरचाच दिवा घ्या, आणि दोन्ही लाइट एकाच जातीचे असू द्या. वरची ट्यूब बंद करा.

या चुकीची किंमत मी मोजलेली आहे. येवल्याची एक पैठणी, धूपछाँव, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. अशी साडी हलली की एका कोनातून एक रंग वर येतो, दुसऱ्या कोनातून दुसरा. (मोराच्या पिसातली निळाई वेगळी. तिथे निळा रंग नसतोच, पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून तो उठतो. पैठणीवरच्या मोराचा निळा मात्र खरोखर रंगवलेल्या धाग्यांचा.) मी ती साडी साध्या ट्यूबखाली, एकाच कोनातून काढली. राणी रंग जांभळट आला आणि दुसरा रंग दिसलाच नाही. ज्यांनी मागवली होती त्यांनी साडी परत पाठवली, आणि विणकराला ते सहन करावं लागलं, त्याची काही चूक नसताना. आता मी पैठणीचे निदान तीन फोटो देते: डावीकडून, उजवीकडून आणि निरी पडलेली. तुम्ही समईच्या मागे साडी ठेवत असाल तर हे लक्षात असू द्या.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण समया विकता म्हटल्यावर तो येणारच: पेटवलेल्या समईचा फोटो. इथे वस्तू फक्त प्रकाश परत पाठवत नाही, ज्योत स्वतः प्रकाश देते. ती पिवळी का, हे आपल्या आज्यांना हाताने माहीत होतं. ज्योतीवर तांब्याची किंवा काशाची वाटी धरून त्या काजळ धरायच्या. ते काजळ म्हणजेच ज्योतीतले कार्बनचे बारीक कण. ज्योतीत असताना ते हजार अंश सेल्सियसच्या वर तापून स्वतः झळाळतात, वाटीवर थंड झाले की तेच जगातल्या काळ्यात काळ्या वस्तूंपैकी एक होतात. जी वस्तू प्रकाश उत्तम शोषते तीच तापल्यावर उत्तम उत्सर्जित करते, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफ यांनी १८५९-६० च्या सुमारास मांडला. सगळा प्रकाश तापण्यातूनच येतो असं नाही. वळवाच्या सरींनंतर भंडारदऱ्याच्या झाडांवर लखलखणारे काजवे अंगातल्या रासायनिक क्रियेतून जवळजवळ थंड प्रकाश काढतात. आणि गाड्यांच्या मागे लावतात ती ‘रेडियम’ची पट्टी तर प्रकाश निर्माणच करत नाही, आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवते, म्हणून ती हेडलाइटमागे बसलेल्याला पेटल्यासारखी दिसते, आणि बाजूला उभ्या असलेल्याला फिकी. ऊस ओलांडणाऱ्या बिबट्याचे डोळे टॉर्चमध्ये चमकतात तेही असंच.

तर, पेटलेली समई. प्रकाश पिवळा की निळसर हे रंगतापमानावरून कळतं, आकडा कमी तितका पिवळा. ज्योतीच्या प्रकाशाचं रंगतापमान सुमारे १९०० केल्विन, तुमचे एलईडी बहुधा ५५०० ते ६५०० चे. दोन्ही एकत्र लावले तर ज्योत भगवी आणि पितळ निळसर पडतं. एलईडीचा रंग बदलता येत असेल तर २७००-३२०० वर आणा, नाहीतर त्याच्यापुढे नारिंगी जिलेटिन कागद लावा. मग कापडावरचा प्रकाश इतका कमी करा, की समईच्या वरच्या ताटलीत पाच वातींची पाच प्रतिबिंबं स्पष्ट दिसायला लागतील. हेच माझं माप आहे. ती दिसली नाहीत तर एलईडी जास्त आहे. समईचा दांडा अंधारात बुडाला तर कमी आहे. पंखा बंद, दार लोटलेलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास. त्याहून हळू ठेवलं तर ज्योतीचा आकार पुसला जातो, त्याहून फार जलद ठेवलं तर पितळ अंधारतं. फोनने काढत असाल तर ज्योतीवर बोट ठेवून फोकस करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा, ज्योतीच्या मुळाशी असलेला निळसर भाग दिसेपर्यंत.

वात नुकती लावलेली असताना ज्योत उंच आणि धुरकट असते. चार-पाच मिनिटं थांबा, वातीवरची काजळी चिमट्याने झाडा, तेल स्थिर होऊ द्या. तेलाच्या काळसर पृष्ठभागावरही मग ज्योतीचं एक फिकट प्रतिबिंब उतरतं, जेमतेम काही टक्के प्रकाशाचं. ते फोटोत आलं की थांबा, तोच फोटो ठेवा.